ग्राहक आयोगातली पहिली तारीख वाया जाऊ देऊ नका: कागदांचा संच आणि नोटीस बजावणी, टप्प्याटप्प्याने

जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःची तक्रार स्वतः चालवणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा कायद्याच्या मुद्द्यावर अडत नाही. नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत येते, विरुद्ध पक्षाला दिलेल्या संचात तीन पानं कमी निघतात, बिलावर नाव एकाचं आणि तक्रार दुसऱ्याची असते. रोजनाम्यात, म्हणजे आयोगाच्या रोजच्या नोंदीत, एक ओळ पडते आणि पुढची तारीख मिळते.

याचं मुख्य कारण कामाचा क्रम उलटा असणं. बहुतेक जण आधी तक्रार लिहायला बसतात, मनातला सगळा संताप पंधरा पानांत उतरवतात, मग कागद गोळा करतात आणि विरुद्ध पक्षाचा पत्ता शेवटच्या दिवशी दुकानाच्या पाटीवरून उतरवून घेतात. क्रम याच्या नेमका उलट हवा. आधी नोटिशीच्या पाकिटावर कोणाचं नाव आणि पत्ता जाणार ते ठरवा, मग कागद लावा आणि तक्रार सगळ्यात शेवटी लिहा.

पुढचं सगळं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात वकिलाशिवाय तक्रार करणाऱ्यासाठी आहे. वकील लावणं सक्तीचं नाही. उदाहरण म्हणून एक साधा वाद धरू: मॉड्युलर किचनसाठी १,८०,००० रुपये आगाऊ दिले, काम अर्धवट सोडलं, पैसे परत मिळत नाहीत.

## टप्पा १: मुदत आणि आयोग तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण चुकलं तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे (कलम ६९). उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज लागतो आणि त्यात उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. ‘आमचा पत्रव्यवहार चालू होता’ यावर विसंबू नका. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही.

वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे दिलेली किंमत धरायची, मागितलेली भरपाई नाही. जुन्या कायद्यात भरपाईची रक्कमही मोजली जायची, त्यामुळे ऐकीव माहितीवर चालणारे अजून गोंधळतात. फीसुद्धा याच किमतीवर ठरते: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, आणि ५० लाखांपर्यंत १,०००.

दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. राहण्याचा पुरावा मात्र संचात लावा.

तपासा: बिलावर नाव कोणाचं आहे? नवऱ्याच्या नावाचं बिल आणि बायकोची तक्रार असेल तर पहिला आक्षेप तिथेच येतो. ज्याच्या नावावर बिल आहे त्यालाच तक्रारदार करा. दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही. तसंच, वस्तू नफ्याच्या धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. पोट भरण्यासाठी स्वतः चालवलेला स्वयंरोजगार याला अपवाद आहे; तसं असेल तर ते तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं.

## टप्पा २: विरुद्ध पक्षाचं खरं नाव आणि पत्ता शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पाटीवर ‘अमुक किचन्स’ लिहिलेलं असतं, पण ‘अमुक किचन्स’ हे फक्त व्यापारी नाव झालं. आदेश कोणाविरुद्ध मिळणार आणि उद्या वसुली कोणाकडून होणार, हे त्यामागच्या कायदेशीर नावावर ठरतं.

२.१ बिलावरचा जीएसटी क्रमांक वाचा. हा पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर बघा. ‘पी’ असेल तर एका माणसाच्या मालकीचा धंदा, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधा या भागात हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि व्यवसायाचं मुख्य ठिकाण समोर येतं. त्या पानाची प्रिंट काढून ठेवा, पुढे पत्त्यावर वाद झाला तर लागते.

२.२ कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मिळतो. तोच पत्ता पहिला द्या, आणि ज्या शाखेत व्यवहार झाला तिचा दुसरा.

२.३ ऑनलाइन खरेदी असेल तर दोघे असतात: विक्रेता आणि ज्याच्या ॲपवरून घेतलं ती कंपनी. विक्रेत्याचं नाव-पत्ता ऑर्डरसोबतच्या बिलावर असतो. कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. ते पान आजच जतन करा, अशी पानं बदलत राहतात.

२.४ नाव लिहिण्याची पद्धत.
- एकल मालकी: ‘अमुक किचन्स, प्रोप्रायटर श्री. ...’ असं माणसाच्या नावासकट.
- भागीदारी: पेढीचं नाव, आणि त्याखाली माहीत असलेले भागीदार स्वतंत्र क्रमांकाने.
- कंपनी: कंपनीचं पूर्ण नाव, ‘तर्फे संचालक/अधिकृत प्रतिनिधी’.
- गृहनिर्माण संस्था किंवा ट्रस्ट: नोंदणीकृत नाव, ‘तर्फे अध्यक्ष/सचिव’.

सावधान: फक्त ‘शाखा व्यवस्थापक’ किंवा ‘कस्टमर केअर प्रमुख’ यांना विरुद्ध पक्ष करू नका. व्यवस्थापक बदलून जातो, आणि आदेश हातात असूनही कंपनी हात वर करते.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. राग आला म्हणून सेल्समन, डिलिव्हरीवाला, कंपनीचा अध्यक्ष, ब्रँडची जाहिरात करणारा नट अशा सगळ्यांना पक्षकार करायचं. प्रत्येक नाव वाढलं की एक संच वाढतो, एक पाकीट वाढतं आणि नोटीस परत येण्याची एक शक्यता वाढते. ज्याने पैसे घेतले, ज्याने माल बनवला आणि ज्याने सेवा द्यायची कबुली दिली, ते पुरेत.

तपासा: दिलेल्या पत्त्यावर एक साधं पत्र स्पीड पोस्टने आत्ताच पाठवा. त्यात मागणी लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. अशी नोटीस देणं या कायद्यात सक्तीचं नाही, तरी तिचा दुहेरी फायदा होतो. समोरच्याला संधी दिल्याचा कागद तयार होतो, आणि आयोगाची नोटीस निघायच्या आधीच पत्ता खरा की खोटा ते कळतं. पत्र परत आलं तर पाकीट उघडू नका, जपून ठेवा.

## टप्पा ३: तारखांचा तक्ता करा

एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: तारीख, काय घडलं, कोणता कागद. आमच्या उदाहरणात पहिली ओळ कोटेशनची, मग आगाऊ रकमेची, काम सुरू झाल्याची, काम थांबल्याची, पहिल्या लेखी तक्रारीची, शेवटच्या उत्तराची.

तिसरा रकाना रिकामा राहिला की समजा, तिथे पुराव्याला भोक आहे. ‘त्यांनी फोनवर मान्य केलं’ याला कागद नसेल तर आत्ताच एक मेल पाठवा: ‘आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे आपण अमुक तारखेपर्यंत पैसे परत करणार आहात.’ उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तारीख असलेला एक कागद तयार झाला. मात्र आज लिहिलेल्या मेलवर सहा महिन्यांपूर्वीची घटना काल घडल्यासारखी रंगवू नका. उलटतपासणीची प्रश्नावली (समोरच्याचे लेखी प्रश्न) आली तर तोच कागद अंगावर येतो.

हा तक्ता तुमच्यापुरता ठेवू नका. नीट टाईप करून तो संचात तक्रारीच्या आधी लावायचा असतो. समोर बसलेले आयोगाचे सदस्य सहसा तोच आधी वाचतात.

## टप्पा ४: कागद निवडा आणि पुराव्याच्या लायकीचे करा

सगळं लावायचं नाही. तक्त्यातल्या ओळीला जो कागद लागतो तो ठेवायचा, बाकीचा घरी. साठ पानांचे चॅट लावून त्यात कामाची दोन वाक्यं लपवली तर ती कोणालाच सापडत नाहीत.

बिलं आणि पावत्या. थर्मल कागदावरची बिलं उडतात. आजच रंगीत स्कॅन आणि झेरॉक्स काढा. बिलाची मागची बाजू विसरू नका. अटी-शर्ती तिथेच छापलेल्या असतात आणि समोरचा त्याच दाखवणार असतो.

पैसे दिल्याचा पुरावा. यूपीआय ॲपचा स्क्रीनशॉट हा कच्चा पुरावा. बँकेतून त्या महिन्याचं शिक्क्याचं खातेउतारा-पत्रक घ्या आणि संबंधित नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारा. रोखीने दिलेल्या रकमेची पावती नसेल तर ती रक्कम चॅटमध्ये कुठे मान्य केली आहे का ते शोधा.

व्हॉट्सॲप. इथे जवळपास सगळे चुकतात. स्क्रीनशॉटवर वरती ‘किचनवाले दादा’ असं दिसतं. ते नाव तुम्हीच तुमच्या फोनमध्ये टाकलेलं आहे, त्याने काहीही सिद्ध होत नाही. संपर्काची माहिती उघडून नंबर दिसेल असा एक स्क्रीनशॉट घ्या, आणि तोच नंबर बिलावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर आहे हे दाखवा. मधलेच सोयीचे संदेश निवडू नका. त्या-त्या दिवसाचं सलग संभाषण घ्या, तारखेसकट. चॅट एक्सपोर्ट करून फाइल जतन करा. ज्या फोनमध्ये हे आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या अनुसूचीतल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी अंक-अक्षरांची ओळख) लिहायचं असतं. ग्राहक आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त आहे आणि तिथे साक्षीचे नियम दिवाणी कोर्टाइतके ताणले जात नाहीत. तरीही तुमची तक्रार मुख्यतः चॅटवर किंवा रेकॉर्डिंगवर उभी असेल तर प्रमाणपत्र जोडा. समोर मोठी कंपनी असली की हा आक्षेप हमखास येतो.

कॉल रेकॉर्डिंग. पेन ड्राइव्हसोबत संभाषणाचा शब्दशः लेखी उतारा द्या, तारीख-वेळेसकट. नुसता पेन ड्राइव्ह कोणी ऐकत बसत नाही.

दोषाचा पुरावा. वस्तू सदोष असेल आणि तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तक्रार चालू असताना वस्तू दुरुस्त करून घेऊ नका, फेकू तर नकाच. अर्धवट कामाच्या बाबतीत त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या माणसाकडून जागेची पाहणी करून घ्या आणि काय झालं, काय राहिलं, पूर्ण करायला किती लागेल हे त्याच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून घ्या. भरपाईचा आकडा नंतर याच कागदावर टिकतो.

सावधान: मूळ कागद आयोगात जमा करू नका. झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ लिहून सही करा. मूळ कागदांची वेगळी फाईल ठेवा आणि प्रत्येक तारखेला ती सोबत न्या.

## टप्पा ५: आता तक्रार लिहा

तक्ता आणि कागद तयार असले की तक्रार पाच-सहा पानांत होते. जिल्हा आयोगात मराठीत लिहिलेली चालते. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या, एका परिच्छेदात एकच घटना, आणि वाक्याच्या शेवटी कागदाचा क्रमांक: ‘दि. ... रोजी तक्रारदाराने १,८०,००० रुपये बँकेमार्फत दिले (कागद क्र. ३, पान १४).’ पानाचा आकडा आत्ता मोकळा सोडा, तो पुढच्या टप्प्यात भरायचा आहे.

परिच्छेदांचा क्रम: पक्षकारांची ओळख, व्यवहार, त्रुटी काय आणि कायद्याने ती कशी ठरते (सेवेतील त्रुटी, सदोष वस्तू की अनुचित व्यापारी प्रथा), कारण कधी घडलं, मुदत, आयोगाचं अधिकारक्षेत्र, याच वादावर दुसरीकडे दावा केलेला नाही हे निवेदन, आणि मागणी.

मागणी हा सगळ्यात ढिसाळ लिहिला जाणारा भाग. ‘योग्य ती भरपाई मिळावी’ असं लिहू नका. मूळ रक्कम किती, त्यावर व्याज किती टक्के आणि कोणत्या तारखेपासून, मानसिक त्रासापोटी किती, तक्रारीच्या खर्चापोटी किती, हे वेगवेगळ्या ओळींत लिहा. १,८०,००० च्या वादात मानसिक त्रासाचे दहा लाख मागितले म्हणून जास्त मिळत नाही. उरलेल्या तक्रारीवरचा विश्वास मात्र कमी होतो.

‘फसवणूक’, ‘टोळी’, ‘भामटे’ हे शब्द काढून टाका. फसवणुकीचा गंभीर आणि गुंतागुंतीचा आरोप दिसला की ‘हे दिवाणी कोर्टात न्या’ म्हणायला समोरच्याला आयती जागा मिळते. ‘पैसे घेतले, काम केलं नाही, पैसे परत दिले नाहीत’ यातच सगळं आलं.

## टप्पा ६: संच बांधा

एका संचाचा क्रम:

१. अनुक्रमणिका
२. तारखांचा तक्ता
३. तक्रार
४. तक्रारीच्या पुष्ट्यर्थ शपथपत्र
५. विलंबमाफी किंवा अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज असल्यास, त्याच्या स्वतंत्र शपथपत्रासह
६. कागदांची फेरिस्त (यादी) आणि त्या क्रमाने कागद
७. ओळख आणि पत्त्याचा पुरावा

आधी एकच संच पूर्ण बांधा. त्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग क्रमांक टाका, पाठपोट असेल तर मागच्या पानालाही. तक्रारीत मोकळे सोडलेले पानांचे आकडे आता भरा, सह्या करा, शपथपत्र करून घ्या. त्यानंतरच झेरॉक्स काढा. आधी झेरॉक्स काढून मग प्रत्येक संचावर हाताने आकडे टाकणाऱ्याचे संच कधीच जुळत नाहीत, आणि सुनावणीत ‘पान २२ बघा’ म्हटलं की तिघांसमोर तीन वेगळे कागद उघडतात.

किती संच? साधा हिशेब असा: आयोगासाठी तीन, प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक आणि तुमच्यासाठी एक. दोन विरुद्ध पक्ष असतील तर सहा. एक जादा काढून ठेवा. नोटीस परत आली की तोच लागतो.

शपथपत्र नोटरीसमोर किंवा अधिकृत अधिकाऱ्यासमोर होतं. त्यासाठी स्टॅम्प पेपर विकत घ्यायच्या आधी आयोगाच्या बारनिशीत (कागद स्वीकारतात त्या विभागात) विचारा. बाहेरचे टायपिस्ट सवयीने आणायला सांगतात.

तपासा, दाखल करण्याच्या आदल्या दिवशी:
- शपथपत्राची तारीख तक्रारीच्या तारखेआधीची तर नाही ना?
- शपथ घेतल्यावर तक्रारीत एखादा शब्द बदलला का? बदलला असेल तर शपथपत्र पुन्हा.
- सगळ्या संचांतलं शेवटचं पान एकाच क्रमांकाचं आहे का?
- पुसट कागदाची टाईप केलेली प्रत सोबत लावली का?
- डावीकडे टोचणीसाठी समास सोडला का, की दोरा नेमका तारखेवरून गेलाय?

## टप्पा ७: दाखल करा

ऑनलाइन दाखल करण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आहे. आधीचं ई-दाखिल त्यात गेलं. बांधलेल्या संचाचाच स्कॅन अपलोड करा, वेगळी फाइल जुळवत बसू नका. ऑनलाइन केलं तरी छापील संच कधी आणि किती द्यायचे ते आपल्या जिल्हा आयोगात विचारून घ्या.

छाननीत त्रुटी निघाल्या तर त्या दिलेल्या दिवसांत दुरुस्त करायच्या. मग दाखलपूर्व सुनावणी होते, म्हणजे तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे ठरतं. तिथे पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे: काय घेतलं, किती दिले, काय बिघडलं, काय हवंय. तुमचं ऐकून घेतल्याशिवाय आयोगाला तक्रार फेटाळता येत नाही, म्हणून या तारखेला गैरहजर राहू नका.

## टप्पा ८: नोटीस पोचवा

तक्रार दाखल करून घेतल्यावर आयोगाने २१ दिवसांत तिची प्रत विरुद्ध पक्षाला पाठवायची असते, आणि त्याला ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. आयोग आणखी फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. एकूण ४५. ही मर्यादा सक्तीची आहे आणि त्यापुढे वाढ देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या प्रकरणात ठरवलं.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट फार कमी जण लक्षात ठेवतात. हे दिवस मोजायला सुरुवात होते ती तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून. नुसती नोटीस गेली आणि सोबत संच नव्हता, तर घड्याळ सुरूच झालं नाही. समोरचा वकील पहिल्या तारखेला येऊन ‘प्रत मिळाली नाही’ म्हणतो तेव्हा तो वेळकाढूपणा वाटतो, पण पाकिटात संच नसेल तर त्याचं बरोबर असतं.

८.१ पाकीट. नोटीस आयोगाची असते. ती तयार झाली की टपालाने कार्यालय पाठवणार, की तुम्हाला हमदस्त म्हणजे हातोहात बजावायला देणार, हे विचारा. दोन्ही वेळा पाकिटात पूर्ण संच आहे ना ते स्वतः बघा. पाकिटावर पिनकोड आणि शक्य असेल तर फोन नंबर लिहा.

८.२ टपाल. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा उरली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. खिडकीवर नुसतं ‘स्पीड पोस्ट’ म्हणू नका. नोंदणीसह आणि पोच मिळाल्याच्या पुराव्यासह पाठवायचं आहे असं सांगा. पावतीवर विरुद्ध पक्षाचं नाव आणि पिनकोड नीट छापलाय का ते तिथेच वाचा. पावतीवर नाव अर्धवट असेल तर पुढे ‘हे पाकीट आम्हालाच आलं कशावरून’ असा प्रश्न येतो.

८.३ ट्रॅकिंग. दोन-तीन दिवसांनी पोचल्याची नोंद दिसली की लगेच प्रिंट काढा. ही नोंद कायम दिसत राहत नाही. पावती आणि प्रिंट दोन्हींवरचा क्रमांक एकच आहे ना ते ताडून बघा.

८.४ ईमेल. कायद्याच्या कलम ६५ मध्ये टपाल आणि कुरिअरसोबत इलेक्ट्रॉनिक मार्गही आहे. पण तो टपालाच्या जागी वापरू नका, त्याच्या जोडीला वापरा, आणि आयोगाला सांगून. संचाची एकच पीडीएफ पाठवा. मेल परत आला नाही हे दिसेल अशी प्रिंट ठेवा. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या म्हणून बजावणी झाली असं स्वतःच ठरवू नका.

८.५ पाकीट परत आलं तर त्यावरचा शेरा वाचा. सगळं त्या शेऱ्यावर अवलंबून असतं.

- ‘घेण्यास नकार’: बजावणी झाली. कलम ६५ प्रमाणे आयोग तसं जाहीर करतो.
- ‘सूचना दिली, नेले नाही’: पत्ता बरोबर असेल तर बजावणी झाली असं गृहीत धरण्याची मागणी करता येते. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ इथे कामाला येतं. पत्ता बरोबर होता हे दाखवायला टप्पा २ मधली जीएसटीची किंवा कंपनीची प्रिंट काढा.
- ‘पत्ता सोडून गेले’, ‘अपूर्ण पत्ता’, ‘असे कोणी नाही’: बजावणी झाली नाही. भांडू नका, नवा पत्ता शोधा आणि नव्याने नोटीस काढण्याचा अर्ज त्याच तारखेला द्या.
- काहीच परत आलं नाही, पोचही नाही: योग्य पत्त्यावर, पैसे भरून, नोंदणीने पाठवलेलं असेल आणि नोटीस निघाल्यापासून ३० दिवस उलटले असतील, तर पोचपावती हरवली असली तरी बजावणी जाहीर करता येते. ३० दिवस पूर्ण व्हायच्या आत ही मागणी करू नका.

व्यवसाय जिथे चालतो त्या जागेचा पत्ता कायद्याला पुरेसा आहे. मालक घर बदलत फिरत असला आणि दुकान चालू असलं, तर दुकानाच्याच पत्त्यावर ठाम राहा.

सगळे मार्ग संपल्यावर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याची परवानगी मागता येते. त्यासाठी आधी काय-काय केलं ते शपथेवर सांगावं लागतं, खर्च तुमचा असतो, आणि परवानगीआधी दिलेली जाहिरात मोजली जात नाही.

## टप्पा ९: बजावणीचं शपथपत्र

‘नोटीस गेली साहेब’ हे तोंडी सांगून रोजनाम्यात काही नोंदलं जात नाही. एका पानाचं शपथपत्र द्या: कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या मार्गाने, कोणत्या क्रमांकाच्या पावतीने संचासह नोटीस पाठवली आणि तिचं काय झालं. प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी वेगळा परिच्छेद. सोबत मूळ टपाल पावती, ट्रॅकिंगची प्रिंट, परत आलेलं पाकीट न उघडता. या सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, कारण थर्मल पावती आयोगाच्या फाइलमध्येही उडते.

सावधान: दोनपैकी एकालाच नोटीस पोचली असेल तर तसंच लिहा. ‘सर्व विरुद्ध पक्षांना बजावणी झाली’ असं मोघम शपथपत्र दिलं आणि त्यावर एकतर्फा आदेश झाला, तर अपिलात तो पहिल्याच दिवशी कोसळतो.

## टप्पा १०: तारखेच्या आधी आणि तारखेला

विरुद्ध पक्षाचं लेखी म्हणणं आलं की मिळाल्याची तारीख त्यावर लिहून घ्या आणि नोटीस पोचल्यापासून दिवस मोजा. पंचेचाळीस उलटले असतील तर लेखी आक्षेप द्या. तोंडी आक्षेप हवेत विरतो. वेळेत आलं असेल तर परिच्छेदनिहाय उत्तर तयार करा आणि पुराव्याचं शपथपत्र द्या. आयोग प्रामुख्याने शपथपत्र आणि कागदांवर निकाल देतो, साक्षीदार पिंजऱ्यात उभा करून नाही. तक्रारीतलंच शपथपत्र पुरेसं असेल आणि नवीन काही सांगायचं नसेल, तर ‘तक्रारीतील मजकूर व कागदपत्रे हाच पुरावा समजावा’ अशी पुरसिस (छोटं लेखी निवेदन) देऊन एक तारीख वाचवता येते.

यापुढे आयोगात दिलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत समोरच्याला द्या आणि आपल्या प्रतीवर ‘प्रत मिळाली’ म्हणून सही-तारीख घ्या. वकील सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथल्या तिथे सदस्यांना सांगा.

तारखेला सोबत हवं: मूळ कागदांची फाईल, स्वतःचा संच, एक जादा संच, ओळखपत्र आणि युक्तिवादाचं एक पान. बोर्डावर (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) आपला क्रमांक आधी बघून ठेवा. पुकारा होतो तेव्हा चहाला गेलेला तक्रारदार नोंदीत ‘गैरहजर’ असतो. प्रत्यक्ष जाणं शक्य नसेल तर व्हिडिओद्वारे हजर राहण्याचा अर्ज कारणासह आधी द्यावा लागतो.

सतत गैरहजर राहिलात तर आयोग समोर असलेल्या कागदांवरच तक्रार निकाली काढू शकतो. तो निकाल ‘मी त्या दिवशी आजारी होतो’ म्हणून जिल्हा आयोगाकडून मागे घेऊन मिळत नाही. मग राज्य आयोगात अपील, तेही ४५ दिवसांत.

निघण्याआधी पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे हे दोन्ही रोजनाम्यावरून लिहून घ्या: म्हणण्यासाठी, पुराव्यासाठी की युक्तिवादासाठी. पुढच्या वेळी कोणता कागद तयार ठेवायचा ते त्यावरूनच ठरतं.